डोंगरवाटेने आलेली फी

18 मार्च 2020. दुसऱ्या दिवशी नेपाळभर दहावीची परीक्षा सुरू व्हायची होती. कोविडमुळे परीक्षा पुढे ढकलल्याची घोषणा झाली तेव्हा जेमतेम एक रात्र मध्ये उरली होती. ती परीक्षा पुढे झालीच नाही. शाळांनी केलेल्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावले गेले. त्याआधीच्या आठवड्यात नेपाळ सरकारने एव्हरेस्टसह साऱ्या शिखरांच्या वसंतातल्या मोहिमा थांबवल्या होत्या, आणि 24 मार्चला टाळेबंदी लागू झाली. काठमांडूत या वेगवेगळ्या बातम्या असतील. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या सोलुखुंबू जिल्ह्यातल्या वरच्या गावांत ती एकच बातमी होती. तिथे मुलाची फी एकतर बापाच्या पाठीवरच्या ओझ्यातून येते, नाहीतर बापाने ज्याला डोंगर दाखवला त्या परक्या माणसाच्या खिशातून. दोन्ही पैसे एकाच वाटेने वर येतात. ती वाटच बंद झाली.

शाळेचा खर्च या वाटेवर कसा येऊन पडला, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

नेपाळातली पहिली आधुनिक शाळा म्हणजे काठमांडूचं दरबार हायस्कूल. तेव्हाचे सत्ताधारी पंतप्रधान जंगबहादूर राणांनी ते 1850 च्या दशकात काढलं, पण आपल्या घराण्यातल्या मुलांसाठी. राणांच्या पुढच्या शंभर वर्षांच्या राजवटीत प्रजेला शिकवणं हे सत्तेला धोक्याचं मानलं गेलं. 1951 मध्ये ती राजवट संपली तेव्हा देशात लिहिता-वाचता येणारी माणसं शंभरात पाचच्या आसपास होती. हा झाला साऱ्या देशाचा हिशेब. हिमरेषेजवळच्या गावांत अक्षर भेटायचं ते गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, तेही तिबेटी पोथ्यांमधलं. सरकारी कागद नेपाळीत यायचा आणि गावात तो कुणालाच वाचता यायचा नाही. शाळा नसल्याची खरी किंमत ही होती.

एव्हरेस्ट सर झाल्यानंतरच्या वर्षांत एडमंड हिलरींनी शेर्पांना विचारलं, तुमच्यासाठी काय करू? उत्तर आलं, शाळा. 1961 मध्ये 3,790 मीटर उंचीवरच्या खुमजुंग गावात ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची शाळा उभी राहिली. पैसा एका अमेरिकी विश्वकोशाच्या प्रकाशकांकडून आला होता, ज्यांनी त्या वर्षीच्या मोहिमेचाही खर्च उचलला होता. शिक्षक आले दार्जिलिंगहून, तेही शेर्पाच. चहामळ्यांच्या आणि मोहिमांच्या कामासाठी दार्जिलिंगला गेलेल्या शेर्पांची पोरं तिथे आधीच शिकली होती. शाळेमागे शिष्यवृत्त्या आल्या. पहिल्या तुकड्यांमधल्या मिंग्मा नोर्बू शेर्पांनी पुढे परदेशात शिक्षण घेतलं आणि आपल्याच गावांभोवतीच्या सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे ते प्रमुख झाले. एका पिढीत हमालापासून अधिकाऱ्यापर्यंतचं हे अंतर कापलं गेलं, आणि ते बघूनच शेजारच्या खोऱ्यांतल्या आईबापांनी शाळेचा ध्यास घेतला.

एका माणसाने एका मुलाचा खर्च उचलायचा, ही पद्धत मात्र डोंगरातली नव्हे. 1937 मध्ये स्पेनच्या यादवीत बेघर झालेल्या मुलांसाठी एका ब्रिटिश पत्रकाराने ती रुजवली: मूल ठरलेलं, पालक ठरलेला, मध्ये पत्रव्यवहार. हिमालयात ती आणखी पक्की झाली ती तिबेटी निर्वासितांमुळे. मे 1960 मध्ये जम्मूकडच्या रस्तेबांधणीच्या छावण्यांमधून आजारी, कुपोषित अशी 51 मुलं धरमशाळेला आणली गेली आणि तिथल्या बालग्रामाची सुरुवात झाली. पुढे हजारो तिबेटी मुलं परदेशी पालकांच्या मासिक पैशांवर शिकली.

आपल्याकडे याचं जुनं नातं सापडतं. वार लावून जेवलेला विद्यार्थी मराठी घरांना नवा नव्हता: सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, आणि आठवडाभर शिक्षण चालू. सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजनेतही कल्पना तीच, फक्त ताटाच्या जागी रोख रक्कम. पण वार लावणाऱ्या घराला तो मुलगा रोज दिसत असे. आजारी पडला तर कळत असे. पश्चिम नेपाळच्या दुर्गम हुम्ला जिल्ह्यातल्या सिमिकोटमधल्या मुलीचा पालक हॅम्बुर्गला किंवा ठाण्याला असतो, आणि दोघांच्या मध्ये एक संस्था, एक बँक, एक वसतिगृह आणि वर्षाला येणारा एक फोटो. सारा भरवसा या मधल्या माणसांवर.

हा भरवसा एकदा फार वाईट रीतीने मोडला होता, आणि ते सांगितल्याशिवाय ही हकीगत पुरी होत नाही. 1996 ते 2006 या माओवादी संघर्षाच्या दशकात कर्णाली भागातल्या हुम्लासारख्या जिल्ह्यांत बंडखोर घरटी एक मूल मागत. घाबरलेल्या आईबापांनी जमिनी-जनावरं विकून दलालांना पैसे दिले, तेवढ्यावर की पोर काठमांडूला नेऊन शाळेत घाला. कित्येक मुलं शाळेऐवजी अनाथाश्रम म्हणवणाऱ्या घरांत पोहोचली. आईबाप जिवंत, कागदावर अनाथ. परदेशी पाहुणा आला की हीच मुलं त्याच्यापुढे उभी केली जायची, कारण प्रायोजकत्वाचा पैसा मुलाच्या दुःखावर येत होता. त्यांना शोधून घरी पोहोचवण्याचं काम पुढे अनेक वर्षं चाललं.

प्रामाणिक संस्थांनीही मूल गावातून उचलून काठमांडूच्या ‘बोर्डिंग’मध्ये ठेवण्याचीच वाट धरली होती. (नेपाळात खासगी इंग्रजी शाळेला, मूल तिथे राहत असो वा नसो, बोर्डिंगच म्हणतात.) त्यामागे कारणंही होती. वरच्या गावांत शिक्षक टिकत नाहीत, हिवाळ्यात शाळा बंद, डोल्पा जिल्ह्यात मे-जूनमध्ये यार्सागुम्बा ही महागडी औषधी बुरशी गोळा करायला सारं गाव मुलांसकट कुरणांवर जातं. तरीही मला वाटतं, साठ वर्षांतली ही सर्वांत महागडी चूक होती. जे पैसे गावच्या शाळेत दोन चांगले शिक्षक ठेवू शकले असते, ते शहरातल्या खाटेच्या भाड्यात गेले. मूल आठ-आठ वर्षं घरी गेलं नाही, आणि गेलं तेव्हा आजीशी बोलायला त्याला शब्द सुचेनात.

महामारीने नेमकी हीच मांडणी उघडी पाडली. वसतिगृहं रिकामी करायचे आदेश आले. काही मुलं टाळेबंदीआधी निघाली, काही आडवाटेने पायी पोहोचली, काही महिनोन्महिने काठमांडूतच अडकली. देशांतर्गत विमानं 21 सप्टेंबरपर्यंत बंद होती, आणि सिमिकोट तर तेव्हा देशाच्या रस्त्यांच्या जाळ्यालाही जोडलेलं नव्हतं. पर्यटक 2019 मध्ये सुमारे 12 लाख आले होते. 2020 मध्ये अडीच लाखही नाहीत. आखातातून आणि मलेशियातून पैसे पाठवणारे भाऊ कामावरून काढले गेले होते. प्रायोजकांच्या देशांतही नोकऱ्या जात होत्या, आणि फीसाठी आलेला पैसा अनेक संस्थांनी तांदूळ, तेल आणि साबणाकडे वळवला. ते योग्यच होतं.

अभ्यासासाठी सरकारने जी मार्गदर्शिका काढली तिने मुलांचे गट पाडले: इंटरनेट असलेली, संगणक असूनही इंटरनेट नसलेली, टीव्हीची, रेडिओची, आणि काहीच नसलेली. वरच्या गावांत बहुतेक मुलं शेवटच्या दोन गटांत. जिथे गावाचा शिक्षक गावातच होता, तिथे त्याने वाडीवाडीला पाच-सात मुलं अंगणात बसवून शिकवलं. नेपाळीत याला ‘टोल शिक्षा’ म्हणतात. जिथे शिक्षक मूळचा तराईचा, म्हणजे दक्षिणेच्या सपाटीचा, आणि टाळेबंदीत तिकडेच राहिलेला, तिथे पुस्तकं पेटीत पडून राहिली. 2015 च्या संविधानाने शालेय शिक्षण 753 स्थानिक पालिकांकडे सोपवलं होतं. शाळा कधी उघडायची हा निर्णयही बराचसा त्यांच्यावर आला आणि 2020 च्या अखेरीस शाळा एकेक करून उघडू लागल्या.

मुलं वसतिगृहांत परतून काही महिनेच झाले होते, तोवर दुसरी लाट आली. 29 एप्रिल 2021 पासून काठमांडू खोऱ्यात पुन्हा निर्बंध लागले आणि मुलांनी पुन्हा ट्रंका भरल्या. मोहिमा मात्र या वेळी थांबल्या नव्हत्या. एव्हरेस्टसाठी त्या वसंतात 408 परदेशी गिर्यारोहकांना परवाने मिळाले, तोवरचा सर्वांत मोठा आकडा. बेस कॅम्पवर कोविडचे रुग्ण सापडत होते, आणि बाप फीसाठी ओझं घेऊन तिकडेच निघाला होता.