१३ डिसेंबर २००४ : फुटबॉलचा गेम एकाच दुकानात कसा गेला

मॅडन हा अमेरिकन फुटबॉलचा, तिथल्या एनएफएल या लीगवरचा व्हिडिओ गेम; काढते इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी. त्याचा नवा भाग दर ऑगस्टच्या आसपास येतो आणि दर वर्षी तीच ओरड होते. गेम गेल्या वर्षीचाच आहे, फक्त खेळाडूंच्या याद्या नव्या. त्यावर कुणीतरी म्हणतं की स्पर्धाच नाही, मग सुधारणा कशाला करतील? आणि मग हमखास एका वीस वर्षं जुन्या प्रतिस्पर्धी गेमचं नाव निघतं: एनएफएल २के५. या सगळ्याचं मूळ एका सोमवारी झालेल्या एकहाती परवान्याच्या घोषणेत आहे. पण त्या घोषणेपर्यंत जाण्याआधी 'लायसन्स' हा शब्द सोडवून घ्यायला हवा, कारण निम्मी भांडणं या एका शब्दानेच लावली आहेत.

आपण सगळे त्याला एकच कागद समजतो. कागद मुळात दोन आहेत. संघांची नावं, बोधचिन्हं, गणवेश आणि स्टेडियम लीगच्या मालकीचे. खेळाडूंची नावं आणि चेहरे त्यांच्या संघटनेकडे. एक कागद मिळून दुसरा न मिळणं अगदी शक्य असतं. आपल्याकडे ज्यांनी सायबर कॅफेत किंवा घरच्या पीसीवर 'क्रिकेट ०७' खेळलंय, त्यांना हे वेगळं समजावायला नको. भारताचा संघ मैदानात उतरायचा, फलंदाजीची ढब ओळखीची वाटायची आणि धावफलकावर भलतंच नाव. मग कुणीतरी पेनड्राइव्हवर 'रोस्टर' घेऊन यायचा आणि ती नावं दुरुस्त व्हायची. तो घोटाळा कागदाचाच होता.

फुटबॉलमधलं त्याचं सर्वांत गमतीचं उदाहरण टेक्मो या जपानी कंपनीच्या गेममध्ये सापडतं. १९८९ साली निन्टेंडोच्या घरगुती मशीनवर आलेल्या 'टेक्मो बोल'कडे खेळाडूंच्या संघटनेचा कागद होता, लीगचा नव्हता. त्यामुळे बो जॅक्सन हा खेळाडू खराखुरा, पण त्याच्या संघाचं नाव नुसतं 'लॉस अँजेलिस'. १९९१ च्या 'टेक्मो सुपर बोल'ने दोन्ही कागद मिळवले, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस संघ आले, तरी बफेलो बिल्स संघाचा क्वार्टरबॅक (पास टाकून चढाई चालवणारा खेळाडू) पडद्यावर 'क्यूबी बिल्स' एवढाच राहिला. त्या खेळाडूने संघटनेच्या सामायिक करारात आपलं नाव दिलं नव्हतं. फिलाडेल्फिया आणि क्लीव्हलँडचीही तीच गत. म्हणजे दोन कागद हातात असूनही तीन माणसं निसटली. पुढे यात प्रशिक्षकांच्या संघटनेचा तिसरा कागद आला. न्यू इंग्लंडला सहा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकून देणारा प्रशिक्षक त्या संघटनेत नव्हता, म्हणून मॅडनमध्ये वर्षानुवर्षं त्याच्या जागी एक बनावट गृहस्थ उभे असायचे.

सुरुवातीचा काळ झटपट उरकतो, कारण तो बहुतेकांना ठाऊक आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अटारीवर ठोकळ्याएवढे खेळाडू होते, त्यानंतर इंटेलिव्हिजन या मशीनवर एका बाजूला पाच जण आले. १९८८ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी पहिला मॅडन निघाला. ज्या माजी प्रशिक्षकाचं, जॉन मॅडनचं, नाव गेमला दिलं, त्याने एक अट घातली होती: मैदानावर अकरा विरुद्ध अकरा असतील, नाहीतर माझं नाव नको. त्या वेळच्या मशीनला बावीस माणसं पळवणं झेपत नव्हतं आणि त्या अटीपायी गेम काही वर्षं रखडला. पण खरा जम बसला तो १९९० मध्ये सेगा कंपनीच्या जेनेसिस या मशीनवर. त्या आवृत्तीकडे लीगचा कागद नव्हता. तो १९९३ मध्ये मिळाला, आणि खेळाडूंचीही नावं असलेला मॅडन त्याच्या पुढच्या वर्षी आला.

नव्वदच्या दशकात कन्सोलवर फुटबॉलचे गेम भरपूर होते. सोनीचा 'गेमडे', 'क्वार्टरबॅक क्लब', आर्केडमधून आलेला मारधाडीचा 'ब्लिट्झ', नंतर मायक्रोसॉफ्टचा 'फीव्हर'. १९९५ मध्ये प्लेस्टेशनवर 'गेमडे' आला आणि त्या मशीनसाठी तयार होत असलेला मॅडन चक्क रद्द करावा लागला. धास्ती दोन्ही बाजूंना असायची, असा तो काळ.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एकहाती परवान्याचा खेळ २००४ मध्ये पहिल्यांदा झाला नाही. १९९७ मध्ये निन्टेंडो ६४ पुरता लीगचा कागद 'क्वार्टरबॅक क्लब'च्या प्रकाशकाने घेऊन ठेवला होता. त्यामुळे त्या वर्षी त्या मशीनवर मॅडन आला तो 'मॅडन फुटबॉल ६४' म्हणून. नावातून 'एनएफएल' गायब, खेळाडू खरे, संघ नुसत्या शहरांच्या नावाचे. ज्या कंपनीकडे पुढे सगळं गेलं, तिने हा औषधाचा कडू घोट स्वतः घेतला होता.

दुसरा प्रसंग ड्रीमकास्टचा. ९ सप्टेंबर १९९९ रोजी सेगाचं हे मशीन अमेरिकेत विकायला आलं आणि त्यावर मॅडन नव्हता. सेगाच्या तेव्हाच्या एका बड्या अधिकाऱ्याने पुढे सांगितलेली हकीकत अशी, की मॅडनवाल्यांना त्या मशीनवर खेळाच्या गेमचा एकहाती हक्क हवा होता. सेगाने नुकताच स्वतःचा एक स्टुडिओ विकत घेतला होता, त्यामुळे ते जमण्यासारखं नव्हतं. मॅडन नाही म्हटल्यावर सेगाच्या त्या स्टुडिओने 'एनएफएल २के' काढला, कव्हरवर खेळाडू रँडी मॉस. पुढच्याच वर्षीच्या '२के१'मध्ये फोनच्या लाइनवरून दुसऱ्या शहरातल्या माणसाशी सामना खेळता येत होता. ड्रीमकास्ट २००१ मध्ये बंद पडलं आणि २के प्लेस्टेशन टू व एक्सबॉक्सवर गेला. गेमचा दर्जा उत्तम, विक्री मात्र मॅडनच्या पुढे जाईना.

मग २००४ चा उन्हाळा. सेगाने एका नव्या भागीदार प्रकाशकाच्या मदतीने २के५ जुलैमध्ये बाजारात आणला, मॅडनच्या तीनेक आठवडे आधी, आणि किंमत ठेवली १९.९९ डॉलर. मॅडन ४९.९९ ला होता. गेम स्वस्त होता, पण स्वस्तातला नव्हता. मध्यंतरात ईएसपीएन या खेळवाहिनीच्या स्टुडिओत तिच्या निवेदकाची संगणकातली प्रतिकृती यायची आणि तुम्ही दहा मिनिटांपूर्वी मारलेला टचडाउन क्षणचित्रांत दाखवायची, त्याच क्षणावर बोलायची. फ्रँचायझी मोडमध्ये (यात एकच संघ हंगामामागून हंगाम चालवायचा) दर आठवड्याला इतर सामन्यांचा आढावा घेणारा कार्यक्रम असायचा. आणि 'द क्रिब' नावाची एक खोली होती. तुम्ही काहीतरी कमवायचं आणि त्यातून त्या खोलीच्या भिंती, फर्निचर, खेळणी बदलायची. उपयोग शून्य. पण लोक तासन्‌तास त्या खोलीत रमायचे, आणि आज २के५ ची आठवण काढणारा माणूस टॅकलआधी या खोलीचं नाव घेतो.

नोव्हेंबरमध्ये मॅडनची किंमत २९.९५ डॉलरवर आली. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे कोर्टात जवळपास तेच आले.

१३ डिसेंबरला जाहीर झालं की लीग आणि खेळाडूंची संघटना या दोघांनीही आपापले कागद पाच वर्षांसाठी एकट्या मॅडनच्या कंपनीला दिले आहेत. कन्सोल, पीसी, हातातली मशीनं, सगळीकडे. संघ, स्टेडियम आणि खेळाडू तिन्ही त्यात आले. पुढच्याच महिन्यात त्या खेळवाहिनीनेही पंधरा वर्षांचा करार त्याच कंपनीशी केला. म्हणजे २के५ ने जो साज चढवला होता, तोही गेला. सेगाने आपला स्टुडिओ २.४ कोटी डॉलरला भागीदार प्रकाशकाला विकून टाकला.

हा निर्णय नेमका कुणाचा, यावर आजही एकमत नाही. लोकांच्या तोंडी एकच वाक्य असतं: वीस डॉलरच्या गेमने घाबरवलं म्हणून त्यांनी स्पर्धा विकत घेतली. कंपनीच्या बाजूने सांगितलं गेलं ते वेगळं. एकाच प्रकाशकाची कल्पना लीगकडून आली, बोलणी बरीच आधीपासून चालू होती, इतरांनाही बोली लावता येत होती. मला दोन्हींत तथ्य वाटतं, पण समान नाही. विकणारा होता म्हणून घेणारा निर्दोष ठरत नाही. मात्र विकणाऱ्याचं नावच न घेता वीस वर्षं फक्त घेणाऱ्याला शिव्या घालणं हेही विचित्र आहे. लीगने तेव्हा टोप्या आणि गणवेशांचे हक्कही एकेका कंपनीला देण्याचं धोरण धरलं होतं. गेम त्याच रांगेत उभा राहिला. वीस डॉलरची किंमत पाहून आपलं बोधचिन्ह स्वस्त होतंय असं लीगला वाटलं असावं, हा तर्कही तेव्हापासून चालत आलाय. पटण्यासारखा आहे, पण तर्कच.

हेही खरं, की डिसेंबर २००४ ला मैदान भरलेलं नव्हतं. मायक्रोसॉफ्टने 'फीव्हर' गुंडाळला होता, सोनीचा 'गेमडे' जुन्या प्लेस्टेशनवर शेवटचे श्वास मोजत होता, 'क्वार्टरबॅक क्लब' केव्हाच संपला होता. खरी झुंज दोघांचीच उरली होती. त्यांतला एक गेला.

करारानंतरचा मॅडन ०६ पुन्हा ४९.९९ ला आला. त्यात क्वार्टरबॅकच्या नजरेचा प्रकाशझोत होता, टॉर्चसारखा. झोताबाहेर पास टाकला की चेंडू भरकटायचा. कल्पना वाईट नव्हती, पण बचाव करणाऱ्यालाही तो झोत दिसायचा, मग कसला डाव आणि कसली फसवणूक! नव्या एक्सबॉक्स ३६० वरचा मॅडन तर आधीच्या मशीनवरच्या भागापेक्षा कितीतरी गोष्टी वगळून आला. समोर कुणी असतं तर असं झालं असतं का, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

कागदाविना लढून पाहणारेही होते. 'ब्लिट्झ'वाल्यांनी २००५ मध्ये संघ आणि लीग दोन्ही काल्पनिक करून टाकले आणि जे खऱ्या लीगने कधीच चालवून घेतलं नसतं ते सगळं गेममध्ये घातलं. २के च्या स्टुडिओने २००७ मध्ये निवृत्त खेळाडूंशी करार करून 'ऑल-प्रो २के८' काढला. एल्वे, राइस, सँडर्स कव्हरवर, दोनशेहून जास्त दिग्गज आत, आणि संघांची नावं बनावट. मैदानावरचा खेळ सुंदर होता. पण फ्रँचायझी मोड नाही, आपला संघ नाही. एकदाच निघाला आणि थांबला. २०१० चा 'बॅकब्रेकर'ही तसाच विरला.

कोर्टाचा मार्ग जास्त गुंतागुंतीचा निघाला. जून २००८ मध्ये कॅलिफोर्नियात दोन ग्राहकांनी दावा लावला की एकहाती करारांमुळे २९.९५ चा गेम ४९.९५ चा झाला, म्हणजे जवळजवळ सत्तर टक्के वाढ. २०१२ मध्ये २.७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. कंपनीने पाच वर्षं एकहाती हक्क न घेण्याचं कबूल केलं, पण कॉलेज फुटबॉलचे! मूळ भांडण ज्या लीगवरून होतं, तिच्या कराराला धक्का लागला नाही. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टोप्यांच्या खटल्यात एकमताने सांगितलं होतं की परवाने विकण्यापुरते बत्तीस संघ म्हणजे 'एकच संस्था' धरता येणार नाही, त्यांना मक्तेदारीविरोधी कायदा लागू होतो. लोकांना वाटलं, आता मॅडनची पाळी. पण 'कायदा लागू होतो' आणि 'करार बेकायदा आहे' यांत अंतर आहे, आणि ते अंतर गेमच्या बाबतीत कुणी पार केलं नाही.

कॉलेजच्या गेमचं तर पुन्हा कागदांपाशीच येऊन अडलं. तिथे विद्यापीठांची परवानगी होती, खेळाडूंची नव्हती. म्हणून गेममध्ये नाव नसायचं, फक्त 'क्यूबी नंबर १५', पण उंची, त्वचेचा रंग, कौशल्य सगळं त्याच मुलाचं. मुलांना छदाम मिळत नव्हता. खटले झाले, २०१३ च्या जुलैत आलेला भाग शेवटचा ठरला आणि ६ कोटी डॉलरची भरपाई द्यावी लागली. गेम परतला तो थेट जुलै २०२४ मध्ये, प्रत्येक सहमत खेळाडूला सहाशे डॉलर आणि गेमची एक प्रत देऊन.

मुख्य करार दरम्यान वाढतच गेला. २०२० च्या मे महिन्यात लीगच्या मालकांनी आणखी मुदत दिली. त्याच उन्हाळ्यात मॅडनचा फ्रँचायझी मोड सुधारा म्हणून चाहत्यांची मोहीम समाजमाध्यमांवर गाजली. खेळाडूंच्या पत्त्यांची पाकिटं विकणाऱ्या 'अल्टिमेट टीम' या दुसऱ्या मोडपुढे तो मोड सावत्र झाला होता, यात शंका नाही.

मात्र मार्च २०२० मध्ये एक बातमी आली होती: लीग आणि २के (त्याच भागीदार प्रकाशकाची कंपनी) पुन्हा एकत्र! चार तास आनंदीआनंद. मग लोकांनी निवेदन नीट वाचलं. करार 'नॉन-सिम्युलेशन' गेमचा होता. म्हणजे अकरा विरुद्ध अकरा, खरी प्लेबुक (संघांच्या डावपेचांची पुस्तकं), पूर्ण हंगाम असलं काही नाही. ते सगळं 'सिम्युलेशन', आणि तो शब्द मॅडनकडे. आधी भांडण 'लायसन्स' या शब्दाचं होतं, आता या शब्दाचं. 'ब्लिट्झ'सारखा गेम कुठल्या बाजूला बसतो? अल्टिमेट टीम सिम्युलेशन कशी?

२००४ चा तो गेम आजही जिवंत आहे. दर हंगामाला काही हौशी मंडळी बसून नव्या खेळाडूंच्या याद्या त्यात भरतात, गणवेश बदलतात, आणि वीस वर्षांपूर्वीच्या निवेदकाच्या आवाजात आजचे सामने खेळतात. २के हे नाव लीगच्या परवान्यासह फुटबॉलला परत लागलं, तेही खरं. पण ते लागलं मोबाइलवरच्या एका पत्त्यांच्या गेमला.