झोप कुठे मोडते? चिंताविकार आणि नैराश्य, शेजारी ठेवून

घरातलं माणूस महिनाभर नीट जेवत नाही, रात्री जागं असतं, कामात लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, "टेन्शन घेतलंय." पुढची पायरी ठरलेली असते: अशक्तपणा आला म्हणून सलाईन. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाचेक चमचे. दोन दिवस बरं वाटतं, कारण तासभर आडवं पडायला मिळालं आणि चार जणांनी विचारपूस केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

'टेन्शन' या एका शब्दाखाली दोन वेगळे आजार दडलेले असतात. रुग्णाच्या तोंडचे शब्द मात्र वेगळे असतात. अहिराणी बोलणारी आजी "जीव घाबरस" म्हणाली तर चिंताविकाराच्या दिशेने विचार करा, "मन लागत नही" म्हणाली तर नैराश्याच्या.

सगळ्यात सोपी खूण झोपेची. चिंताविकारात झोप लागतच नाही. दिवा मालवला की हिशेब सुरू होतो, पाठ टेकलेली पण डोळे उघडे. नैराश्यात झोप बरेचदा लागते, पण रोजच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी, पहाटे तीन-चारला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. अशा माणसाला सकाळ सगळ्यात जड जाते. दुपारनंतर थोडं हलकं वाटतं. काही जण उलट दिवसभर झोपूनच असतात, म्हणून या एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

दुसरी खूण, मन कुठे बघतं. चिंता पुढचं बघते: पोराचा फोन का लागत नाही, केळीला भाव पडला तर? साधी काळजी असेल तर सौदा झाला, पैसे हातात आले की ती उतरते. विकारात ती उतरत नाही, नुसता विषय बदलते. केळीची मिटली की पोरीच्या लग्नाची, तीही मिटली की छातीत कळ आल्याची. नैराश्य मागचं उगाळतं, "माझ्यामुळेच झालं" यावर अडकतं, आणि पुढे काही दिसतच नाही.

तिसरी खूण आम्हाला फार कामाची वाटते. थंडीत शेतात भरताची पार्टी आहे. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली जाताहेत, कळण्याच्या भाकरी आल्यात. चिंता असलेला माणूस येईल, दोनदा उठून घरी फोन करेल, पण घास तोंडात गेला की चव त्याला कळेल. नैराश्यातला माणूस आग्रहाने येईल, सगळ्यांसोबत बसेल, आणि ते भरीत त्याला मातीसारखं लागेल. आवडीच्या गोष्टीतला आनंद जाणं हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे. दुसरं म्हणजे जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ उदास असणं. दोन्हीपैकी एक तरी, सोबत झोप, भूक, थकवा, अपराधीपणा अशी इतर लक्षणं, हे दोन आठवडे टिकलं तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. सततच्या चिंतेच्या विकाराला एका प्रचलित निकषानुसार सहा महिने लागतात.

दोन्ही एकत्रही असतात, आणि ते दुर्मीळ नाही. शिवाय थायरॉईडचं सोंग ध्यानात ठेवा: तो कमी पडला की नैराश्यासारखं दिसतं, जास्त झाला की धडधड, घाम, हात कापणं, म्हणजे अगदी चिंतेसारखं. म्हणून टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ आणि शुगर आधी तपासून घ्यावी. छातीत पहिल्यांदाच कळ आली असेल तर "घाबरलाय" म्हणून घरी बसवू नका, आधी ईसीजी.

मदत मात्र दोघांना सारखी करून चालत नाही. चुका होतात त्या इथेच.

चिंतेच्या माणसाला आपण दर वेळी "काही होत नाही" म्हणतो. त्याला पाच मिनिटं बरं वाटतं आणि तो पुन्हा विचारतो, कारण खात्री मागायची सवय त्या पाच मिनिटांवरच पोसते. त्यापेक्षा "याचं उत्तर सकाळी दिलंय, आता संध्याकाळी सहाला बोलू" असं प्रेमाने ठरवून घ्या. एसटीत जीव घाबरतो म्हणून प्रवासच बंद केला तर भीती वाढते. आधी स्टँडवर दहा मिनिटं बसणं, मग एक थांबा सोबतीने, मग तोच थांबा एकट्याने. घबराट एकदम उसळली तर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. दहाएक मिनिटांत ती शिखर गाठते आणि उतरू लागते.

नैराश्याच्या माणसाला "मन घट्ट कर" म्हटलं की त्याच्या अपराधीपणात भर पडते. "काय खाशील?" हा प्रश्नही त्याला डोंगर वाटतो, "खिचडी की भाकरी?" एवढंच विचारा. "जरा फिरून ये" म्हणण्यापेक्षा चपला पुढे ठेवा आणि बांधापर्यंत सोबत जा. उत्साह आला की काम करू, असं तो म्हणेल. या आजारात क्रम उलटा असतो: काम आधी, उत्साह मागाहून. म्हणून काम त्याच्या नेहमीच्या कामाच्या पाव भागाएवढंच द्या.

मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट ओझं हलकं होतं. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कापसाच्या पट्ट्यात घरोघरी फवारणीची औषधं असतात. ती कुलपात, किल्ली दुसऱ्या घरी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही.

गोळ्यांचा गोंधळ वेगळाच. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही औषधं दोन्ही आजारांत चालतात. गुण दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण यायला सहा ते आठ. पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी वाढू शकते, आणि नेमकी तेव्हाच माणसं गोळी सोडतात. बरं वाटल्यावरही सहसा सहा ते नऊ महिने घ्यावी लागते आणि हळूहळूच थांबवावी लागते. अल्प्राझोलामचं तसं नाही: अर्ध्या तासात शांत करते, म्हणून आवडते, आणि काही आठवड्यांत सवय लावते. शेजारणीची उरलेली पट्टी घेऊ नये ती यासाठी. भगताकडे जायचं असेल तर त्यावरून भांडण नको, गोळी चुकू नये एवढं बघा.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. केस पेपर काढताना मानसोपचार विभाग असं स्पष्ट सांगा. जाताना एका चिठ्ठीवर लिहून न्या: झोप किती वाजता लागते, किती वाजता मोडते, वजन किती उतरलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, दारू-तंबाखू किती, हे कधीपासून. आत गेल्यावर रुग्ण बहुतेक वेळा "बरंय" एवढंच म्हणतो. तेव्हा ही चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्या.