मिझुलाच्या पोस्टरचं भांडण नेमकं कुठून आलं

जळगाव, भुसावळ, धुळे इकडच्या पोस्टर जमवणाऱ्यांत अधूनमधून एकच भांडण उकरून निघतं, की रॉक कॉन्सर्टच्या पोस्टरवर राजकारण किती असावं आणि असलं तर त्याला चांगलं डिझाइन म्हणायचं का. बोलणं फिरून फिरून शेवटी मिझुलावर, म्हणजे पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडच्या तिथल्या २०१८ च्या कॉन्सर्टच्या पोस्टरवर येतं, म्हणून थोडं मागचं सांगतो. स्क्रीन प्रिंट म्हणजे जाळीतून एकेक रंग कागदावर उतरवणं, एवढं माहीत असलं की पुरे.

पहिली गोष्ट, राजकारण मागाहून घुसलं हे म्हणणं चुकीचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १९६५ साली ज्या बिल ग्रॅहमने पुढे फिलमोर हा कॉन्सर्टचा हॉल गाजवला, त्याचे सुरुवातीचे कार्यक्रम एका पथनाट्य मंडळीच्या कोर्टखर्चासाठी होते, कारण परवानगी नसताना बागेत नाटक केलं म्हणून अटक झालेली. त्यानंतर तिथल्या कॉन्सर्टच्या पोस्टरांवर आलेली ती वितळल्यासारखी अक्षरं, व्हिएन्नात १९०० च्या आसपास जी लेटरिंग चालायची तिच्यावरून उचललेली, ती सगळ्यांनी पाहिलीत. ती मुद्दाम वाचायला अवघड ठेवायचे, पण लागायची भिंतीवर, दुकानाच्या काचेवर, आणि थांबून वाचणाऱ्याला कार्यक्रम कुठे-कधी ते कळायचंच. कार्यक्रमाच्या आधी लागणारा कागद होता तो, हे लक्षात ठेवा.

इंग्लंडमध्ये १९७६ ला तर चळवळच उभी राहिली. एरिक क्लॅप्टन या मोठ्या गिटारिस्टने बर्मिंगहॅमच्या स्टेजवरून परदेशातून आलेल्या लोकांविरुद्ध गरळ ओकली आणि त्याला उत्तर म्हणून वंशद्वेषाविरुद्ध रॉक असं नाव घेऊन लोक एकत्र आले. ३० एप्रिल १९७८ ला ट्रॅफल्गर स्क्वेअरपासून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्चा आणि मग कॉन्सर्ट. त्यांच्या पोस्टरांवर तो पाच टोकांचा तारा, कमी रंग, कापून चिकटवलेले फोटो. लोकांना घराबाहेर काढायचं होतं, नाजूक काम करायला वेळ कोणाकडे होता. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात नेमकं डिझाइन अजूनही तेच आहे, पण आमच्यातले निम्मे लोक त्याला पोस्टर न म्हणता पत्रक म्हणतात.

(इथे कोणीतरी हमखास फैजपूर काढतं. डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, आणि शांतिनिकेतनहून आलेल्या चित्रकाराने बांबू वगैरे इथल्याच सामानातून केलेली सजावट. मुद्दा बरोबर आहे, राजकीय मेळाव्याचं डिझाइन खान्देशला नवीन नाही, पण तिथे गिटार नव्हती, तेव्हा पुढे जाऊ.)

खरा बदल नव्वदच्या दशकात झाला आणि वाद समजून घ्यायचा तर हाच धरायला हवा. अमेरिकेत ऑस्टिनकडच्या मंडळींनी हाताने स्क्रीन प्रिंट पुन्हा सुरू केलं, सिॲटलच्या पर्ल जॅमने आपल्या बेसिस्टच्या (बेस गिटार वाजवणाऱ्याच्या) सख्ख्या भावाच्या स्टुडिओकडून पोस्टरं करून घ्यायला घेतली, आणि हळूहळू पोस्टर हे जाहिरात न राहता कॉन्सर्टच्या दारात टी-शर्टशेजारी विकायची वस्तू झालं. तिकीट आधीच विकलं गेलेलं असतं, घेणारा आत आलेलाच असतो, त्यामुळे डिझाइनरला लांबून वाचता यावं ही अट राहिली नाही आणि बारीक रेघ, लपवलेली चित्रं, सहा-सात रंग हे सगळं भरता यायला लागलं.

आता मिझुला. १३ ऑगस्ट २०१८, अमेरिकेतलं मोंटाना राज्य, युनिव्हर्सिटीचं स्टेडियम, पर्ल जॅमची कॉन्सर्ट. तिथला डेमोक्रॅट सिनेटर जॉन टेस्टर त्या वर्षी पुन्हा निवडणुकीला उभा होता आणि तो आणि बँडचा बेसिस्ट दोघंही बिग सँडी या एकाच छोट्या गावचे. पोस्टर बेसिस्टने स्वतः एका चित्रकाराला घेऊन केलं. पेटलेलं व्हाइट हाउस, ट्रॅक्टरवर सिनेटर (शेतकरीच आहे तो), आणि पुढे हिरवळीवर पडलेला सांगाडा, त्याला टोचणारा गरुड, आणि सांगाड्याचे केस बघून तो ट्रम्प आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्या पक्षाने ते सिनेटरवर टीका करायला लगेच उचललं. सिनेटरच्या प्रचार टीमने सांगितलं की आम्हाला हे आधी दाखवलंच नव्हतं आणि आवडलेलंही नाही. बँड मागे हटला नाही. नोव्हेंबरात सिनेटर निवडून आला.

आमच्याकडे यावर दोन तट. धुळ्याचे एकजण लग्नपत्रिका छापण्याच्या धंद्यातले, ते म्हणतात राजकारण सोडा, चित्र गच्च झालंय, नजर कुठे टेकवायची कळत नाही, आपल्या चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखं, एकही चेहरा सुटता कामा नये. भुसावळवाले म्हणतात गच्च असणं हाच त्या चित्रकाराचा हात आहे, कवट्यांचीच चित्रं काढतो तो, मग बोलावलं कशाला? यावर "हाई काय शे भाऊ, चित्र आवडत नाही का माणूस आवडत नाही ते सांग ना" असंही झालेलं आहे.

मला विचाराल तर गच्च असण्यावरची टीका अर्धीच खरी. ते चित्र हातात धरून बघायला केलेलं, पण बँडने ते दुसऱ्या दिवशी सोशल मीडियावर टाकलं आणि ते मोबाइलच्या स्क्रीनवर, बातमीत, कधीच कॉन्सर्टला न गेलेल्या मतदारापुढे गेलं. म्हणजे दारात विकायची वस्तू एका रात्रीत पुन्हा भिंतीवरचा कागद झाली. तेवढ्या लहान आकारात बाकी सगळी कारागिरी गेली आणि आग आणि सांगाडा तेवढा उरला. चूक कुठे असेल तर ती ज्या सिनेटरला चित्रात बसवलं त्यालाच न दाखवण्यात आहे, आणि ते डिझाइनचं काम नाही असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. पोस्टर कोणाकोणाला दाखवून छापायचं हे ठरवणंही त्याच कामात येतं.

२०२४ ला तो सिनेटर हरला, तेव्हापासून नवीन फाटा फुटलाय, की हे पोस्टर आता बँडच्या फाइलमध्ये ठेवायचं की निवडणुकीच्या. जळगावात ते बँडची पोस्टरं गुंडाळून ठेवायच्या नळीतच आहे. धुळ्याच्या गृहस्थांनी त्यांची प्रत विकायला काढली होती, मग परत ठेवून दिली.