उत्पादन-सेवा जोड

कारखानदाराने वस्तू विकून मोकळं व्हायचं नाही, तर तिची देखभाल, सुटे भाग, दुरुस्ती, कधीकधी ती चालवणंसुद्धा आपल्याच गळ्यात घ्यायचं आणि पैसे वस्तूचे न घेता वापराचे किंवा झालेल्या कामाचे घ्यायचे, अशा व्यवहाराला उत्पादन-सेवा जोड म्हणतात. ज्या उद्योगात असे व्यवहार मुख्य धंदा होतात ते सेवाभिमुख उत्पादन. वॉरंटी आणि एएमसी (वार्षिक देखभाल करार) हे याचं अगदी पातळ रूप, ते सगळ्यांना माहितीच असतं.

नावांचा थोडा गोंधळ आहे. ‘सर्व्हिटायझेशन’ हा शब्द सांद्रा वॅन्डरमर्व आणि हुआन राडा यांच्या १९८८ च्या लेखामुळे रूढ झाला, ‘प्रॉडक्ट-सर्व्हिस सिस्टिम’ हा १९९९ मधल्या एका डच अहवालातून पसरला आणि त्याचा ओढा सुरुवातीपासून पर्यावरणाकडे होता. ‘सेवाभिमुख उत्पादन’ ही संज्ञा चिनी अभ्यासकांनी साधारण २००७ च्या सुमारास उचलून धरली, तिथे २०१६ मध्ये सरकारी मार्गदर्शक आराखडाही निघाला. तिन्ही शब्द सरमिसळ करून वापरले जातात, त्यात फारसं बिघडत नाही.

खरा वाद सुरुवात कुठून धरायची याचा आहे. बरेच जण थेट अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये वाफेची इंजिनं बनवणाऱ्या बोल्टन आणि वॉट यांच्यापाशी जातात. १७७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कॉर्नवॉलच्या खाणींमध्ये पाणी उपसायला त्यांची वाफेची इंजिनं बसू लागली, आणि जुन्या न्यूकोमेन इंजिनाच्या तुलनेत जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एक तृतीयांश हिस्सा ते दरसाल मागायचे, इंजिनाने किती हेलकावे मारले ते मोजायला कुलूपबंद मोजणी यंत्रही लावलेलं असायचं. वाचायला हे एकदम आजच्यासारखं वाटतं. पण इंजिनाचे बहुतेक भाग खाणवाला स्वतःच्या पैशाने आणायचा, इंजिन त्याच्याच मालकीचं, आणि बोल्टन-वॉटचा हक्क उभा होता तो १७६९ च्या पेटंटवर, १७७५ मध्ये संसदेने मुदत वाढवून दिली ती १८०० मध्ये संपली आणि हिस्साही संपला. खाणवाले तर त्याआधीच पैसे बुडवायला लागले होते, प्रकरण कोर्टात गेलं. म्हणजे हे रॉयल्टीच्या जास्त जवळचं, सेवेच्या कमी.

दुसरा दावा झेरॉक्सचा. १९५९ चं ९१४ हे फोटोकॉपी मशीन विकत घ्यायला फार महाग पडत होतं म्हणून ते महिना ९५ डॉलर भाड्याने दिलं गेलं, त्यात २,००० कॉप्या, वर जास्त काढल्या तर कॉपीमागे काही सेंट. (आपल्याकडे कंपनीचं नाव थेट कॉपीलाच चिकटलं, ते वेगळं.) मशीन कंपनीचं, दुरुस्तीही कंपनीचीच.

तिसरा दावा विमानाची इंजिनं बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनी ब्रिस्टल सिडलीचा. १९६२ मध्ये तिने एचएस १२५ या छोट्या जेटच्या व्हायपर इंजिनासाठी उड्डाणाच्या तासामागे ठरावीक दर लावला, त्यात इंजिन आणि त्याची उपकरणं बदलून देण्याची पूर्ण जबाबदारी आली. ‘पॉवर बाय द अवर’ हे नाव तिथलंच, १९६६ मध्ये रोल्स-रॉइसने ती कंपनी घेतल्यावर ते रोल्स-रॉइसकडे आलं. कसोटी ‘मशीन बंद पडलं तर नुकसान कुणाचं’ ही धरली तर हा दावा जास्त भक्कम दिसतो, कारण इथे दुरुस्ती जितकी कमी तितका फायदा इंजिन बनवणाऱ्याचा, तर नेहमीच्या सुट्या भागांच्या धंद्यात बरोबर उलटं असतं. झेरॉक्समध्येही दुरुस्तीचा बोजा कंपनीवरच होता हे खरं, पण भाडं आधी होतं, कॉपीचा दर नंतर.

प्रकारांसाठी अभ्यासक अर्नोल्ड टकर यांची २००४ ची मांडणी सर्रास घेतली जाते: वस्तू ग्राहकाची आणि सेवा जोडीला, वस्तू कंपनीची आणि ग्राहकाला फक्त वापर, आणि वस्तूचा विषयच नाही, फक्त परिणाम विकायचा. पोटप्रकार आठ. पर्यावरणाचा फायदा आपोआप होतो हा समज टकर यांनीच बराच खाली आणला, मोठी शक्यता मुख्यतः तिसऱ्या गटात.

पैशाचंही तसंच. सेवांवर खर्च वाढतो पण नफा त्या मानाने वाढत नाही, हा ‘सेवा विरोधाभास’ गेबाउअर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडला. जोखीम उलटते ती २०२० मध्ये दिसली, कोविडमध्ये विमानं जमिनीवर बसली आणि तासांवर बेतलेलं रोल्स-रॉइसचं उत्पन्न कोसळलं.

महाराष्ट्रात पुण्याच्या थरमॅक्सची उपकंपनी कारखान्यांना बॉयलर विकण्याऐवजी स्वतः बांधून, चालवून वाफ पुरवते. मुंबईत बेस्ट आणि पुण्यात पीएमपीएमएल ज्या ई-बस घेतात त्यातल्या बऱ्याच किलोमीटरमागे दर ठरवून घेतलेल्या आहेत, बस, ड्रायव्हर, देखभाल ठेकेदाराची, तिकिटाचे पैसे मात्र परिवहन संस्थेचे.