फुशिमी हिरोयासु : प्रारंभिक नौदल कारकीर्द

फुशिमी हिरोयासु (16 ऑक्टोबर 1875 – 16 ऑगस्ट 1946) हा जपानी राजकुलातील नौदल अधिकारी. राजकुलातील पुरुषांनी सैन्यात किंवा नौदलात जावे, असा शासनादेश 1873 मध्ये निघाला होता. त्यामुळे व्यवसाय निवडण्याचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच. राजपुत्र फुशिमी सादानारू याचा हा थोरला मुलगा. पण आई उपपत्नी असल्याने 1883 मध्ये त्याला काचो या राजकुलाच्याच दुसऱ्या शाखेत दत्तक दिले गेले.

जपानी नौदल अकादमीतील शिक्षण अर्धवट सोडून तो जर्मनीला गेला आणि कील येथील नौदल विद्यालयात शिकून 1895 मध्ये परतला. 1897 मध्ये अखेरचा शोगुन (जपानचा लष्करी शासक) तोकुगावा योशिनोबू याच्या मुलीशी त्याचा विवाह झाला. जानेवारी 1904 मध्ये तो फुशिमी घराण्यात वारस म्हणून परत आला आणि काचो घराणे त्याच्या लहानग्या मुलाकडे गेले.

पुढच्याच महिन्यात रशियाशी युद्ध पेटले. लेफ्टनंट कमांडर हिरोयासुकडे ध्वजनौका (ताफ्याच्या सेनापतीची नौका) मिकासाच्या मागच्या तोफबुरुजाची जबाबदारी होती. बुरुजात 12 इंची दोन तोफा होत्या. एकेक गोळा सुमारे 386 किलोचा. 10 ऑगस्ट 1904 रोजी पीत समुद्राच्या लढाईत यांतील एक तोफ फुटली आणि तो जखमी झाला. शत्रूचा गोळा लागल्याचे त्या वेळी जाहीर झाले. प्रत्यक्षात आपलाच गोळा नळीत फुटला, हे मत आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. जपानी गोळ्यांत पिक्रिक आम्लावर आधारित शिमोसे दारू असे आणि गोळ्याचा स्फोट घडवणारा इजुइन फ्यूज फार हळवा होता. जहाजाच्या दोरखंडाला गोळा घासला तरी स्फोट व्हावा, हाच त्यामागचा हेतू. सततच्या माऱ्याने तापलेल्या नळीत हेच संयोजन अंगावर उलटे. त्या दिवशी इतर जपानी युद्धनौकांच्याही जड तोफा अशाच निकामी झाल्या. कारण नेमके फ्यूज, तापलेली नळी की सदोष गोळा, यावर मात्र एकमत नाही.

या जखमेचे मोल मोठे होते. राजकुलातील अधिकाऱ्याला बढती बहुधा जन्मानेच मिळे, पण ऐन लढाईत जखमी झालेल्याला शोभेचा अधिकारी म्हणणे अवघड. 1907 ते 1910 तो ब्रिटनमध्ये शिकला. परतल्यावर ताकाचिहो, आसाही आणि इबुकी या नौकांचे कप्तानपद त्याने पाठोपाठ सांभाळले. 1913 मध्ये तो रिअर ॲडमिरल झाला.