सिमॅरॉन काउंटी : हवामान आणि ऋतुमान

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्याच्या अगदी पश्चिम टोकाची, उंच सपाट माळरानावरची शेतीप्रधान काउंटी (जिल्हा). कॅन्सस, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि टेक्सस ही चारही राज्ये तिच्या सीमेला भिडतात. 1907 साली ओक्लाहोमा राज्य झाले, तेव्हाच ही काउंटीही अस्तित्वात आली. मुख्य ठाणे बॉइस सिटी. 2020 च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीची लोकसंख्या जेमतेम 2,296 भरली. गहू, ज्वारी आणि गुरे यांवर येथील पोट चालते, म्हणजेच सगळे आभाळावर अवलंबून आहे.

येथील हवामान शीत निम-शुष्क प्रकारचे आहे. बॉइस सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 1,270 मी. उंचीवर आहे. वायव्य कोपऱ्यातील लाव्हाच्या थराने झाकलेले ब्लॅक मेसा पठार 1,516 मी. उंच असून ते राज्यातील सर्वोच्च ठिकाण होय. पश्चिमेकडून येणारी पॅसिफिक महासागराची ओलसर हवा आपले पाणी रॉकी पर्वतावरच सांडून येते, त्यामुळे काउंटी पर्जन्यछायेत सापडते. दक्षिणेकडे मेक्सिकोचे आखात आहे खरे, पण तिथून वर सरकणारी ओलसर हवा बहुधा पूर्वेकडे वळते. परिणामी ओक्लाहोमाच्या आग्नेय कोपऱ्यात वर्षाला 1,400 मिमी.च्या आसपास पाऊस पडतो, तर या टोकाला फक्त 450 मिमी.च्या आगेमागे. एकाच राज्यात एवढी तफावत!

साताऱ्याच्या माण तालुक्यातही जवळपास एवढाच पाऊस पडतो. पण माणच्या शेतकऱ्याला मृगाची, हस्ताची वाट पाहता येते. सिमॅरॉनमध्ये पावसाला नक्षत्रच नाही. वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा मे ते ऑगस्ट या काळात पडतो, तोही गडगडाटी सरींनी आणि तुकड्यातुकड्याने. एका शेतात वाफसा मोडेल इतका पाऊस होतो आणि कुंपणापलीकडचे शेत कोरडेच राहते. त्यामुळे या प्रदेशाचे वार्षिक सरासरीचे आकडे वाचताना सावध राहावे लागते. सरासरीइतका पाऊस होणारी वर्षे थोडीच असतात. खरे हवामान सरासरीच्या वरखाली होणाऱ्या हेलकाव्यांत आहे.

हिवाळा कोरडा आणि लहरी असतो. जानेवारीत दिवसाचे तापमान सरासरी 9° से.च्या जवळपास, तर रात्रीचे शून्याखाली सहा-सात अंश असते. वारा पश्चिमेकडून रॉकीचा उतार उतरून आला की खाली येताना दाबला जाऊन तापतो आणि भर जानेवारीत स्वेटर काढावासा वाटतो. त्यानंतर काही तासांतच उत्तरेची थंड लाट धडकते आणि पारा 20 अंशांनी कोसळू शकतो. कॅनडापासून इथपर्यंत तिला अडवणारा एकही आडवा डोंगर नाही. बर्फ राज्यात सर्वाधिक याच टोकाला पडतो; पॅनहँडल म्हणजे राज्याच्या पश्चिमेकडे निघालेल्या चिंचोळ्या पट्ट्याच्या पश्चिम भागात वर्षाला सरासरी 75 सेंमी.पर्यंत. मात्र वाऱ्यामुळे तो जमिनीवर सारखा पसरत नाही. उघडी शेते झाडल्यासारखी स्वच्छ होतात आणि कुंपणे, रस्त्याकडेचे चर बर्फाने बुजतात. हिमवादळात गुरे वाऱ्याकडे पाठ करून चालत राहतात आणि कुंपणाशी अडकून मरतात. म्हणून अंदाज येताच त्यांना आडोशाला आणणे हे हिवाळ्यातले सर्वांत तातडीचे काम असते.

वसंत हा वाऱ्याचा ऋतू. मार्च-एप्रिलमध्ये रॉकीच्या पायथ्याशी, आग्नेय कोलोरॅडोत कमी दाबाची क्षेत्रे वारंवार तयार होतात आणि वारे दिवसचे दिवस थांबत नाहीत. आखाताकडची दमट हवा आणि नैर्ऋत्येच्या वाळवंटाकडची कोरडी हवा यांच्यात एक सीमा तयार होते, तिला हवामानशास्त्रात शुष्करेषा म्हणतात. ती दुपारी पूर्वेकडे सरकते व रात्री मागे येते. तिच्या पूर्वेला गारपीट आणि टॉर्नेडोंची (ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या विध्वंसक भोवऱ्यांची) धास्ती असते, तर पश्चिमेला धूळ आणि वणव्यांची. सिमॅरॉन बरेचदा या रेषेच्या कोरड्या बाजूला पडते. त्यामुळे मध्य ओक्लाहोमाच्या मानाने येथे टॉर्नेडो कमी होतात, पण गारा चुकत नाहीत. जूनमध्ये पिकून उभा राहिलेला गहू पंधरा मिनिटांत आडवा होतो.

उन्हाळ्यात जुलैचे कमाल तापमान सरासरी 33° से.च्या आसपास असते. पारा अधूनमधून 38 च्या वर जातो, परंतु उंचीमुळे रात्री सुखद थंड असतात. दुपारी न्यू मेक्सिकोच्या उंच भागावर ढग चढतात आणि संध्याकाळी इकडे सरकतात. पुष्कळदा पावसाचे पडदे आभाळातून लोंबताना दिसतात, पण कोरड्या हवेत थेंब वाटेतच विरतात. शरद ऋतू छोटा आणि त्यातल्या त्यात शांत. सप्टेंबरात गव्हाची पेरणी, ऑक्टोबरात पहिले दहिवर (गोठलेले दव).

1930 च्या दशकातील धुळीच्या वादळांमुळे हे हवामान जगाला ठाऊक झाले. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, त्यामागोमाग ट्रॅक्टर आले आणि आखूड गवताचे हजारो वर्षांचे माळ नांगराखाली गेले. पुढे भाव कोसळले, पाऊस ओढला आणि उघडी माती वाऱ्यावर स्वार झाली. 14 एप्रिल 1935 रोजीचे काळे वादळ इतिहासात ‘ब्लॅक संडे’ म्हणून नोंदले गेले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे बातमीदार रॉबर्ट गायगर त्या दिवशी बॉइस सिटीजवळच या वादळात सापडले. त्यांच्या बातमीतून या धूळग्रस्त प्रदेशाला ‘डस्ट बोल’ (धुळीचा वाडगा) हे नाव रूढ झाले. धुळीच्या घर्षणाने हवेत एवढी वीज साठायची की मोटारी बंद पडत, म्हणून लोक गाडीमागे जमिनीला टेकणारी साखळी बांधत. आर्थर रॉथस्टाइन यांनी 1936 साली टिपलेले, धुळीत घराकडे धावणाऱ्या शेतकऱ्याचे आणि त्याच्या मुलांचे प्रसिद्ध छायाचित्र याच काउंटीतले आहे. या आपत्तीचे खापर केवळ दुष्काळावर फोडणे चुकीचे ठरेल. अवर्षण या माळाला नवे नव्हते, नवी होती ती नांगरट. 1950 च्या दशकात आणि 2011 नंतरच्या काही वर्षांतही मोठी अवर्षणे पडली, पण माती त्या प्रमाणात उडाली नाही.

त्यामागे मृद्‌संधारणाची चिकाटी आहे. 27 एप्रिल 1935 रोजी अमेरिकेत मृद्‌संधारण कायदा झाला. उजाड जमिनी सरकारने विकत घेऊन त्यांवर पुन्हा गवत लावले. अशाच जमिनींतून झालेल्या रिटा ब्लांका राष्ट्रीय गवताळ प्रदेशाचा काही भाग या काउंटीत येतो. कोरडवाहू शेतकरी आता बहुधा तीन वर्षांत दोनच पिके घेतात: गहू, मग जवळजवळ वर्षभर पड, मग ज्वारी, पुन्हा पड. धसकटे उपटत नाहीत. ती माती धरून ठेवतात, वाऱ्याने उडणारा बर्फ अडवतात आणि ओल मुरू देतात.

हवामानाची नोंद 1994 पासून ओक्लाहोमा मेसोनेट या राज्यभरातील हवामान केंद्रांच्या जाळ्याच्या स्वयंचलित केंद्रांवर दर पाच मिनिटांनी होते. काउंटीत अशी केंद्रे बॉइस सिटी व केंटन येथे आहेत, तर अंदाज आणि इशारे टेक्ससमधील ॲमरिलो येथील राष्ट्रीय हवामान सेवेच्या कार्यालयातून दिले जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर ओगल्लाला भूजलसाठ्यावर बागायत वाढली आणि पावसाची लहर काही शेतांपुरती बोथट झाली. मात्र उपसा पुनर्भरणापेक्षा कितीतरी जास्त असल्याने पाण्याची पातळी खाली जात आहे. विहिरी आटतील तसतशी ही शेते पुन्हा कोरडवाहू होतील.