पाट्यांमधून गायब झालेला लेखक

१९५६ साली अमेरिकेत एक पिक्चर आला, फ्रेंडली पर्स्युएजन. हिरो गॅरी कूपर, डिरेक्टर विल्यम वायलर, दोन्ही नावं तेव्हाची एकदम वजनदार. यादवी युद्धाच्या काळातलं एक क्वेकर कुटुंब, शस्त्र हातात घ्यायचं नाही हा त्यांचा धर्म, आणि युद्ध दारात येऊन उभं राहिलेलं, अशी गोष्ट. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पण सुरुवातीच्या पाट्या नीट बघितल्या तर एक गंमत दिसते. मूळ पुस्तक कोणाचं ते येतं, कॅमेरा कोणाचा ते येतं, संगीत कोणाचं ते येतं, पटकथा कोणाची ते येतच नाही. पटकथा जणू आपोआप लिहून झाली.

लिहिणारा अर्थातच होता, मायकल विल्सन. सप्टेंबर १९५१ मध्ये त्याला संसदेच्या एका समितीसमोर बोलावलं, तू कम्युनिस्ट आहेस का असं विचारलं, त्याने उत्तर द्यायला नकार दिला. सहा महिन्यांनी, मार्च १९५२ मध्ये, त्याला आधीच्या एका पिक्चरसाठी ऑस्कर मिळालं. म्हणजे घरात ऑस्कर आणि हॉलिवूडमध्ये त्याच्या नावावर एक रुपयाचं काम नाही, अशी त्याची अवस्था. आणि १९५७ मध्ये फ्रेंडली पर्स्युएजनच्या पटकथेला नॉमिनेशन मिळायची वेळ आली तेव्हा ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीने घाईघाईने नवीन नियमच करून टाकला, की समितीला उत्तर न देणारा माणूस ऑस्करला पात्रच नाही.

आता थोडं मागे जाऊ. ऑक्टोबर १९४७ मध्ये वॉशिंग्टनला हाउस अन-अमेरिकन अ‍ॅक्टिव्हिटीज कमिटीने, म्हणजे विल्सनला पुढे बोलावणाऱ्या त्याच संसदेच्या समितीने, हॉलिवूडची चौकशी सुरू केली. प्रश्न ठरलेला, तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का किंवा कधी होतात का. पक्ष तेव्हा बेकायदा नव्हता हे लक्षात ठेवा, आणि तीसच्या दशकातल्या मंदीत, हिटलरच्या विरोधात, कित्येक तरुण त्यात गेले होते आणि बरेचसे बाहेरही पडले होते. दहा जणांनी उत्तर द्यायला नकार दिला, त्यांनाच पुढे हॉलिवूड टेन म्हणायला लागले. त्यातला रिंग लार्डनर ज्युनियर म्हणाला की उत्तर देता येईल मला, पण दिलं तर उद्या सकाळी माझाच मला तिरस्कार वाटेल. उत्तर नाकारल्याबद्दल १९५० मध्ये हे दहाही जण जेलमध्ये. (चौकशी समितीचा अध्यक्ष जे. पार्नेल थॉमस, हा खोट्या नोकरांच्या नावाने सरकारी पगार लाटताना सापडला आणि लार्डनर ज्या डॅनबरीच्या जेलमध्ये गेला तिथे आधीच येऊन पडला होता, कोंबड्या सांभाळायच्या कामावर. हे कोणी पिक्चरमध्ये दाखवलं असतं तर आपण म्हटलं असतं काहीही दाखवतात.)

खरा घाव मात्र समितीने घातलाच नाही. तो घातला स्टुडिओवाल्यांनी. नोव्हेंबर १९४७ मध्ये सगळे बडे निर्माते न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जमले आणि जाहीर केलं की त्या दहा जणांना आम्ही काम देणार नाही, आणि यापुढे कळूनसवरून कुठल्याही कम्युनिस्टाला नोकरीवर ठेवणार नाही. सरकारने कायदा केला नाही, कोर्टाने बंदी घातली नाही. ही काळी यादी छापून कुठल्या ऑफिसात टांगलीय असंही नव्हतं, विचारलं तर सगळे हात वर करणार, कसली यादी, आमच्याकडे काही नाही बुवा. तरीही तीनशेच्या आसपास लोकांची कामं बंद झाली.

इथून विज्ञानाचा भाग सुरू होतो, कारण सोशल सायन्सवाल्यांना हा काळ म्हणजे एक तयार प्रयोगशाळाच आहे. आपल्या ओळखीपाळखीचा कोणी हिशोब ठेवत नाही, पण सिनेमावाल्यांचा असतो. कोणी कोणाबरोबर कधी काम केलं हे पाट्यांवर छापील असतं. म्हणजे प्रत्येक माणूस एक ठिपका, आणि एका पिक्चरमध्ये दोघं एकत्र आले की त्या ठिपक्यांमध्ये एक रेघ, असं करत करत अख्ख्या हॉलिवूडचं जाळं काढता येतं. २०१० मध्ये अमेरिकन सोशिओलॉजिकल रिव्ह्यूमध्ये एक अभ्यास छापून आला त्यात हेच केलं होतं, १९४५ ते १९६० मधल्या कलाकारांची कामं घेऊन. प्रश्न असा होता की ज्यांच्यावर स्वतःवर काहीच आरोप नाही, पण ज्यांनी पूर्वी कधीतरी अशा माणसाबरोबर काम केलं होतं जो पुढे काळ्या यादीत गेला, त्यांचं काय झालं?

त्यांना पुढचं काम मिळायची शक्यता घटली. दोस्ती लागत नाही, एक विचार लागत नाही, एकदा एका पिक्चरमध्ये बरोबर असणं पुरे. आणि त्या काळी नट तर स्टुडिओच्या पगारावर, कुठला पिक्चर करायचा हे वरून ठरायचं, लेखक कोण आहे हे बऱ्याच जणांना सेटवर गेल्यावर कळायचं. आपल्याकडे म्हणतात ना, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. इथे गुणही लागला नव्हता, नुसतं एका गोठ्यात बांधलं होतं एवढाच गुन्हा.

हा डाग किती भराभर पसरू शकतो याचा साधा हिशोब करून बघा. समजा एका पिक्चरच्या पाट्यांवर तीस नावं, आणि एक सहकलाकार वर्षाला तीन पिक्चर करतो. पाच वर्षांत पंधरा पिक्चर, म्हणजे साडेचारशे नावं, त्यातली पुन्हापुन्हा येणारी म्हणून निम्मी वजा केली तरी दोनशेच्या वर माणसं. त्यातला एक जरी पुढे यादीत गेला तरी हा अडकला. म्हणजे जो जास्त कामाचा, त्याच्या रेघा जास्त, त्याला धोका जास्त. कालपर्यंत जी नामावली त्याची कमाई होती तीच आज त्याच्याविरुद्धचा पुरावा.

बरं, स्टुडिओवाल्यांना खरंच वाटत होतं का की ही माणसं देश बुडवतील? मला नाही वाटत, आणि बहुतेक इतिहास वाचून हेच दिसतं की भीती कम्युनिस्टांची कमी आणि एकमेकांची जास्त. सिरॅक्यूज गावात लॉरेन्स जॉन्सन नावाचा सुपरमार्केटवाला होता. तो टीव्हीच्या जाहिरातदारांना पत्रं लिहायचा. एका टूथपेस्ट कंपनीला त्याने सुचवलं की तुमच्या मालाशेजारी मी बोर्ड लावतो, की या पैशातून कम्युनिस्टांच्या साथीदारांना पगार दिलेला चालेल का, गिऱ्हाइकांनी हो किंवा नाही सांगावं. किराणा दुकानांचा एक मालक! पण कंपनीने विचार केला, उगाच कशाला झंझट, चॅनलने विचार केला, कंपनी नाराज होईल, निर्मात्याने विचार केला, चॅनल नाराज होईल, आणि शेवटी एका नटाचा फोन वाजायचा बंद. यातल्या एकालाही तो नट वाईट आहे असं वाटायची गरज नव्हती. समोरच्याला तसं वाटतंय असं वाटणं पुरेसं होतं. समाजशास्त्रात याला सामूहिक गैरसमज म्हणता येईल, प्रत्येक जण मनात वेगळा आणि वागण्यात मात्र सगळे एका माळेचे मणी.

अशा वातावरणात सगळे ताकही फुंकून पितात आणि मग चुका व्हायला लागतात. जून १९५० मध्ये रेड चॅनल्स नावाची एक पुस्तिका निघाली, रेडिओ-टीव्हीवरच्या १५१ लोकांची नावं आणि कोणी कुठल्या सभेला गेलं, कुठल्या पत्रकावर सही केली याची जंत्री. नावावरून माणूस ओळखायचा म्हटल्यावर सारख्या नावांचा घोळ आलाच. १९४९ मध्ये नॅन्सी डेव्हिस या नटीला दिसलं की कम्युनिस्टांना सामील लोकांच्या यादीत तिचं नाव आहे, प्रत्यक्षात ती दुसरीच नॅन्सी डेव्हिस. ती हादरली, आणि निस्तरायला नटांच्या संघटनेच्या अध्यक्षांना भेटली. अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन. पुढे दोघांचं लग्न झालं. पण ज्यांची अशी अध्यक्षांशी भेट झाली नाही त्यांचं काय?

सुटायचा मार्ग एकच, समितीपुढे जाऊन नावं सांगायची. त्यातही गोम अशी की नावं समितीला आधीच माहीत असायची. मग विचारायची कशाला? हॅरॉल्ड गारफिंकेल या समाजशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये लिहिलं होतं की माणसाला जाहीरपणे खाली उतरवायचे समारंभ असतात, त्यांची ठरलेली रीत असते. हे समितीला तंतोतंत लागू पडतं, माहिती मिळवणं हा हेतूच नव्हता. लॅरी पार्क्स हा चांगला चालणारा हिरो, १९५१ मध्ये तो समितीपुढे अक्षरशः गयावया करत होता की मला चिखलातून सरपटायला लावू नका. शेवटी बंद दाराआड त्याने नावं दिली. करियर तरीही गेलं ते गेलंच.

लेखकांना निदान एक पळवाट होती, दुसऱ्याच्या नावावर लिहायची. विज्ञानात ज्याला आंधळी चाचणी म्हणतात तशीच ही झाली बघा, माल तोच, लेबल काढलेलं. डाल्टन ट्रम्बो यादीत जायच्या आधी एका पटकथेचे ७५,००० डॉलर घ्यायचा, नंतर किंग ब्रदर्स या निर्मात्यांसाठी एक अख्खा पिक्चर ३,७५० डॉलरला लिहिला. रोमन हॉलिडेची कथा त्याने मित्राच्या, इयान मॅक्लेलन हंटरच्या नावावर विकली, तिला ऑस्कर मिळालं हंटरच्या नावाने, आणि तोपर्यंत हंटर स्वतःच यादीत! मग १९५७ मध्ये, म्हणजे ज्या सोहळ्यासाठी विल्सनला अपात्र ठरवलं त्याच सोहळ्यात, रॉबर्ट रिच नावाच्या लेखकाला ऑस्कर जाहीर झालं आणि घ्यायला तो आलाच नाही. त्याच्या वतीने स्टेजवर गेलेल्या गृहस्थांनी सांगितलं की रिचची बायको बाळंत होतेय. असा लेखकच नव्हता, तोही ट्रम्बो.

नटांचं काय, चेहरा कोणाच्या नावावर विकणार? अ‍ॅन रेव्हियर, ऑस्कर मिळालेली नटी, जवळपास वीस वर्षं पडद्यावर नाही. ली ग्रँटने १९५१ मध्ये एका नटाच्या शोकसभेत भाषण केलं, म्हणाली चौकशीच्या ताणाने तो गेला, आणि त्यानंतर तिची बारा वर्षं गेली, ऐन उमेदीची. जॉन गारफिल्ड १९५२ मध्ये हार्ट अ‍ॅटॅकने गेला, वय ३९. याच सुमाराचं मुंबईतलं चित्र उलटं होतं. बलराज साहनी कम्युनिस्ट म्हणून आर्थर रोड जेलमध्ये होते, आणि निर्मात्याने परवानगी काढली म्हणून जेलमधून शूटिंगला यायचे. म्हणजे इथे सरकारने आत टाकलं पण धंद्याने काम दिलं, तिथे बहुतेकांना सरकारने मोकळं सोडलं आणि धंद्याने उपाशी मारलं.

आणि मग हे सगळं कोसळलं तेही गमतीदारच. १९७८ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने एक मॉडेल मांडलं, की प्रत्येकाचा एक उंबरठा असतो, इतके जण पुढे गेले की मग मी जाईन. पहिल्याचा उंबरठा शून्य लागतो. १९५९ च्या जानेवारीत अकॅडमीने आपला तो नियम मागे घेतला, कारण टोपणनावाने लिहिणारा आणखी एक जण जिंकायच्या बेतात होता आणि पुन्हा हसं झालं असतं. जानेवारी १९६० मध्ये डिरेक्टर ऑटो प्रेमिंजरने सरळ सांगून टाकलं की माझा पिक्चर ट्रम्बोने लिहिलाय आणि नावही देणार. त्याच वर्षी कर्क डग्लसच्या स्पार्टाकसवर ट्रम्बोचं नाव झळकलं. थिएटरबाहेर निदर्शनं झाली, आणि नवीन राष्ट्राध्यक्ष केनेडी ती ओलांडून आत जाऊन पिक्चर बघून आले. आभाळ कोसळलं नाही. मग दुसरा, तिसरा, हळूहळू बाकीचे.

पाट्या मात्र सावकाश दुरुस्त झाल्या. रोमन हॉलिडेवर ट्रम्बोचं नाव अधिकृतपणे आलं २०११ मध्ये, त्याच्या आणि हंटरच्या, दोघांच्या मुलांनी मिळून पाठपुरावा केला तेव्हा.

आणि फ्रेंडली पर्स्युएजन? मे १९८८ मध्ये रेगन राष्ट्राध्यक्ष म्हणून मॉस्कोला गेले होते, बरोबर नॅन्सीही. मेजवानीच्या भाषणात त्यांनी एका जुन्या पिक्चरचं भरभरून कौतुक केलं, युद्ध आणि शांततेबद्दल किती सुंदर सांगितलंय म्हणून, आणि त्याची कॉपी गोर्बाचेव्हना भेट दिली. सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या सरचिटणीसांना. विल्सन जाऊन तोवर दहा वर्षं झाली होती, आणि त्याचं नाव त्या पिक्चरवर यायला अजून आठ वर्षं बाकी होती. गोर्बाचेव्हनी ती कॉपी लावून बघितली असेल तर पुस्तक कोणाचं, कॅमेरा कोणाचा, संगीत कोणाचं, सगळं दिसलं असणार.